ऑक्सिजन ९८ आणि तरी श्वास पुरत नाही: गोचीड चावल्यानंतरची धाप

प्रश्न थोडक्यात असा आहे. दीड महिन्यापूर्वी रानात भटकून आल्यावर मांडीच्या मागे गोचीड चिकटलेली सापडली, ती ओढून काढली. दोन आठवड्यांनी चार दिवस ताप आला आणि गेला. आता दोन जिने चढले की धाप लागते, रात्री श्वास पुरत नाही असं वाटून जाग येते, मधूनच घाम फुटतो. छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे, ऑक्सिमीटर ९८ दाखवतो. डॉक्टर म्हणाले, "टेन्शन घेऊ नका." हे सगळं त्या गोचिडीमुळे असू शकतं का?

असू शकतं. एक्स-रे आणि ऑक्सिमीटर या दोन गोष्टींनी ती शक्यता संपत नाही. मात्र पुढचं वाचण्याआधी एक तपासून घ्या. उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते का, एकदा तरी शुद्ध हरपली का, बसल्या जागी नाडी मिनिटाला पन्नासच्या खाली जाते का, लघवी चहासारखी गडद होते का, पायांतली ताकद कमी होते आहे का, किंवा ओठ-जीभ सुजून श्वास लागतो का? यातल्या एकाचंही उत्तर 'हो' असेल तर हे बाजूला ठेवा आणि आजच तातडीच्या विभागात जा. बाकीचं सावकाश वाचता येईल.

माझ्याकडे असे रुग्ण आले की मी आधी त्यांना शब्द निवडायला लावतो. 'ब्रेथलेसनेस' हा एकच शब्द वापरून आपण डॉक्टर मंडळी फसतो. मराठीत त्याला अर्धा डझन शब्द आहेत आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे. धाप लागते म्हणजे हालचाल केली की लागते, थांबलं की बसते. दम कोंडतो म्हणजे आत घेतलेला श्वास पुढे सरकत नाही. श्वास अपुरा पडतो म्हणजे भरपूर हवा घेऊनही समाधान होत नाही, पुन्हा पुन्हा उसासा टाकावा लागतो. छाती आवळल्यासारखी होते, ते वेगळं. आडवं झालं की गुदमरतं, ते आणखी वेगळं. आणि 'जीव घाबरा होतो' हे सगळ्यात दुर्दैवी वाक्य, कारण ते उच्चारलं की समोरच्याच्या डोक्यात चिंतेचं निदान पक्कं होतं. प्रत्यक्षात ठोके चुकणाऱ्या हृदयाचा माणूसही नेमकं हेच म्हणतो. तुमच्या प्रश्नात 'धाप' आणि 'श्वास पुरत नाही' हे दोन्ही आहेत. त्यामुळे दोन वेगळ्या वाटा तपासाव्या लागतील.

गोचिडींमुळे होणाऱ्या आजारांत दम लागतो तेव्हा गुन्हेगार फुप्फुस नसण्याची शक्यता बरीच असते. रक्त, हृदयातली विजेची वायरिंग, श्वास चालवणाऱ्या नसा किंवा ॲलर्जी, यांपैकी कुणीतरी असतं. म्हणून एक्स-रे स्वच्छ येतो.

रक्तापासून सुरुवात करू, कारण ऑक्सिमीटरचा घोटाळा इथेच होतो. बोटाला लावलेला तो चिमटा रक्तात ऑक्सिजन किती आहे हे सांगत नाही. जेवढं हिमोग्लोबिन उरलं आहे त्यातलं किती टक्के ऑक्सिजनने भरलेलं आहे, एवढंच तो सांगतो. समजा गाड्या शंभर होत्या आणि पन्नास भंगारात गेल्या. उरलेल्या पन्नास खचाखच भरून धावत असतील तर चिमटा ९८ दाखवणारच. हिमोग्लोबिन १४ वरून ७ वर आलं तर शरीराला पोचणारा माल निम्मा झाला, पण आकडा हलला नाही. ही चूक मी स्वतः केली आहे. सुरुवातीच्या काळात एका रुग्णाला 'ऑक्सिजन उत्तम आहे' म्हणून घरी पाठवलं. चार दिवसांनी तो डोळे पिवळे होऊन परत आला. त्यानंतर दम लागणाऱ्या माणसाला रक्ताची साधी तपासणी केल्याशिवाय मी सोडत नाही.

गाड्या भंगारात काढणारा इथला परजीवी म्हणजे बॅबेसिया. मलेरियासारखाच तो तांबड्या पेशीत शिरतो, वाढतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो. माणसातला पहिला रुग्ण १९५७ साली युगोस्लाव्हियातून नोंदवला गेला. तो शेतकरी होता, त्याची प्लीहा (जुन्या पेशी गाळून काढणारा पोटातला अवयव) आधीच काढलेली होती आणि तो वाचला नाही. त्यामुळे बरीच वर्षं समज असा होता की हा आजार प्लीहा नसलेल्यांनाच होतो. १९६९ मध्ये अमेरिकेच्या नॅन्टकेट बेटावर प्लीहा शाबूत असलेल्या माणसात तो सापडला आणि ती समजूत मोडली. साधारणपणे चाव्यानंतर एक ते चार आठवड्यांत थकवा, थंडी वाजून ताप, अंथरूण भिजवणारा घाम आणि श्रम केल्यावर धाप अशी लक्षणं येतात. तरुण आणि धडधाकट माणसाला कधी काहीच जाणवत नाही. पन्नाशीपुढे, प्लीहा नसेल किंवा प्रतिकारशक्ती दडपणारी औषधं चालू असतील तर मात्र प्रकरण जिवावर बेतू शकतं. अशा गंभीर रुग्णांत फुप्फुसांत पाणी भरून खराखुरा ऑक्सिजनही घसरतो, आणि गंमत म्हणजे कधीकधी हे औषध सुरू केल्यानंतर, परजीवी कमी होत असताना घडतं.

निदान अवघड नाही, पण मागावं लागतं. रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. पेशींच्या आत अंगठीसारखे आकार दिसतात, आणि नशीब चांगलं असेल तर चार तुकड्यांचा क्रॉस दिसतो. अंगठ्या मलेरियाच्याही असतात. त्यामुळे 'मलेरिया पॉझिटिव्ह' असा अहवाल येऊन, मलेरियाची औषधं देऊनही माणूस बरा होत नाही, असं होऊ शकतं. गोचीड चावल्याचं प्रयोगशाळेला कळवलेलं असेल तर बघणाऱ्याची नजर बदलते. शंका उरली तर पीसीआर, म्हणजे रक्तात परजीवीचा डीएनए शोधणारी चाचणी, करायची. उपचार अटोव्हाक्वोन आणि ॲझिथ्रोमायसिन या जोडीने, साधारण ७ ते १० दिवस. आजार गंभीर असेल, विशेषतः दहा टक्क्यांहून जास्त पेशींत परजीवी असतील, तर रक्त बदलण्याचाही विचार करतात.

आता एक मुद्दा, जो फार वेळा निसटतो. लाइम आजाराचे जंतू (त्यांच्याबद्दल पुढे), बॅबेसिया आणि ॲनाप्लाझ्मा नावाचा आणखी एक जीवाणू हे तिन्ही एकाच जातीच्या गोचिडीत एकत्र राहू शकतात आणि एकाच चाव्यात अंगात येऊ शकतात. लाइमचं निदान होतं, डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक सुरू होतं. लाइम आणि ॲनाप्लाझ्मा त्याला दाद देतात, बॅबेसिया ढिम्म हलत नाही. म्हणून डॉक्सी चालू असूनही ताप, घाम आणि धाप टिकून असेल तर गोळी बदलण्याआधी काच बघा.

दुसरी वाट हृदयाची. लाइम या नावाचा लिंबाशी संबंध नाही. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात त्या नावाचं गाव आहे. १९७५ च्या सुमारास तिथे आणि आसपास लहान मुलांमध्ये सांधे सुजण्याचे इतके प्रकार एकदम दिसले की तिथल्या आयांनीच आरोग्य खात्याचं दार ठोठावलं. त्याचा जंतू विली बर्गडॉर्फर यांना १९८१ मध्ये गोचिडींच्या पोटात सापडला आणि त्यांच्याच नावाने तो आज ओळखला जातो. हा जंतू त्वचा, सांधे आणि मेंदूच्या नसांप्रमाणे हृदयातही शिरू शकतो. अमेरिकेत नोंद होणाऱ्या लाइमच्या शंभर रुग्णांत साधारण एकाला असं होतं. प्रमाण कमी आहे, पण याच एकाचा जीव अचानक जाऊ शकतो.

होतं असं की हृदयाच्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्याकडे जाणारा विजेचा संदेश वाटेत रखडतो. त्याला हार्ट ब्लॉक म्हणतात, आणि हा शब्द ऐकला की घरातले लोक लगेच विचारतात, "अँजिओप्लास्टी करायची का?" नाही. तो ब्लॉकेज रक्तवाहिनीतला, हा तारेतला. नळ तुंबणं आणि वायर सुटणं यांत जेवढा फरक आहे तेवढाच. रुग्णाला काय जाणवतं? जिना चढताना हृदयाला वेग वाढवता येत नाही म्हणून धाप लागते. घेरी येते. मध्येच धडधड, मध्येच ठोका चुकल्यासारखं वाटतं. छातीचा एक्स-रे आणि ऑक्सिजन दोन्ही नीट असतात. चाव्यानंतर काही आठवडे ते दोनेक महिने हा याचा काळ, म्हणजे तुम्ही त्यात बरोबर बसता.

याची लबाडी अशी की तो तासातासाला रूप बदलतो. सकाळच्या ईसीजीत संदेश थोडा उशिरा पोचताना दिसतो, दुपारी अर्धे संदेश गळतात, रात्री संपूर्ण संपर्क तुटून नाडी चाळिशीत येते. त्यामुळे तक्रार चालू असेल तर एका 'नॉर्मल' ईसीजीवर मी समाधान मानत नाही; दुसऱ्या दिवशी पुन्हा काढतो, होल्टर, म्हणजे चोवीस तास अंगावर राहून ठोके नोंदवणारं छोटं यंत्र, लावतो. ईसीजीवर पीआर नावाचं अंतर असतं, वरच्या कप्प्यातला संदेश खाली पोचायला लागणारा वेळ. ते २०० मिलिसेकंदांच्या आत हवं. ३०० च्या वर गेलं, किंवा बेशुद्धी आली असेल, तर घरी बसायचं नाही, मॉनिटर असलेल्या खाटेवर भरती व्हायचं. तिथे शिरेतून सेफ्ट्रायअॅक्सोन हे प्रतिजैविक देतात, सुधारणा झाली की तोंडाने गोळी, मिळून दोन ते तीन आठवडे. बहुतेकांचा ब्लॉक काही दिवसांत सैल होतो. मध्यंतरी तात्पुरता पेसमेकर लागू शकतो. कायमचा मात्र फार क्वचित लागतो, आणि म्हणूनच तरुण माणसात अचानक संपूर्ण ब्लॉक सापडला तर कायमचा पेसमेकर बसवण्याआधी "हल्ली गोचीड चावली होती का?" हा प्रश्न विचारायलाच हवा. ज्या दुखण्यावर दोन-तीन आठवड्यांचं प्रतिजैविक पुरलं असतं त्यासाठी छातीत यंत्र घेऊन आयुष्य काढणं हे अन्यायाचं आहे.

नसांची वाट जरा दुर्मीळ आहे, पण कोड्यांचं मूळ इथेच असतं. लाइममध्ये मणक्यातून निघणाऱ्या नसांची मुळं सुजली की छाती-पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखं, जळजळतं दुखणं येतं. ते रात्री वाढतं आणि साध्या वेदनाशामकांना जुमानत नाही. असे लोक हृदयविकाराच्या विभागात जाऊन येतात, पित्ताशयाची सोनोग्राफी करून येतात, कुणाला नागीण उठणार म्हणून पुरळाची वाट बघायला सांगितलेलं असतं. पूर्ण श्वास घ्यायला गेलं की दुखतं, म्हणून ते उथळ श्वास घेतात आणि 'श्वास पुरत नाही' म्हणतात. त्याच सुमाराला चेहऱ्याची एक बाजू, किंवा दोन्ही बाजू, लुळ्या पडल्या तर निदान जवळजवळ हातात येतं. क्वचित छाती आणि पोट यांमधल्या पडद्याची नस जाते. मग माणसाला उभं असताना बरं आणि आडवं झालं की गुदमरल्यासारखं वाटतं. इथे एक्स-रे पुन्हा काढायची गरज नसते, तोच परत बघायचा असतो: फुप्फुस स्वच्छ आहे, पण एका बाजूचा पडदा वर चढलेला आहे का? 'फुप्फुस स्वच्छ' एवढंच वाचायची आपल्याला सवय असते.

गोचीड अजून अंगावरच असेल तर आणखी एक प्रकार होतो, गोचिडीच्या लाळेतल्या विषाने येणारा लुळेपणा. ताप नाही, दुखणं नाही. पायांपासून ताकद जायला लागते, वर चढते, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. लांब केसांच्या लहान मुलींमध्ये हे जास्त दिसलं आहे, कारण टाळूवरची गोचीड कुणाला दिसत नाही. गिलान-बारे (शरीराच्याच प्रतिकारशक्तीने नसांवर हल्ला करून येणारा लुळेपणा) समजून महागडे उपचार सुरू होतात आणि नर्सला केस विंचरताना खरं कारण सापडतं. उत्तर अमेरिकेतल्या प्रकारात गोचीड काढली की साधारण दिवसभरात माणूस उभा राहतो. ऑस्ट्रेलियातल्या प्रकारात काढल्यानंतरही एक-दोन दिवस प्रकृती बिघडू शकते, तिथे लगेच सुटकेचा निःश्वास टाकायचा नाही. तुमची गोचीड निघालेली आहे, म्हणून हे तुम्हाला लागू नाही. दुसरी एखादी राहिली नाही ना, हे मात्र केस, कानामागे, बेंबी आणि जांघेत कुणाकडून तरी बघून घ्या.

रात्री जाग येण्याबद्दल वेगळा प्रश्न विचारतो: झोपायच्या आधी तीन-चार तासांत काय खाल्लं होतं? काही गोचिडींच्या लाळेमुळे शरीर अल्फा-गॅल नावाच्या एका साखरेविरुद्ध ॲलर्जी धरतं. ही साखर सस्तन प्राण्यांच्या मांसात असते. नेहमीच्या ॲलर्जीसारखी ती पहिल्या घासाला उठत नाही, दोन ते सहा तासांनी उठते. म्हणून रात्री जेवलेला माणूस मध्यरात्री अंगभर गांधी, पोटात मुरडा आणि घशात आवळ घेऊन जागा होतो आणि जेवणाचा संशयही त्याला येत नाही. हे कोडं सुटलं ते कर्करोगाच्या एका औषधामुळे. सेटुक्सिमॅब देताना अमेरिकेच्या ठरावीक भागातल्या रुग्णांनाच जबर रिअॅक्शन येत होती. २००८ मध्ये उलगडा झाला की त्या लोकांच्या रक्तात या साखरेविरुद्धची प्रतिद्रव्यं आधीपासून होती, आणि पुढे त्यांचा माग गोचिडीच्या चाव्यांपर्यंत पोचला. मांस न खाणाऱ्यांनीही हा परिच्छेद सोडू नये. काहींना दूध किंवा कॅप्सूलच्या जिलेटिननेही त्रास होतो. खाज, गांधी, सूज यांपैकी काहीच नसेल तर ही वाट सोडून द्या.

खरोखर फुप्फुसं बिघडवणारे गोचीडजन्य आजारही आहेत: रॉकी माउंटन स्पॉटेड फीवर आणि त्याचे भाऊबंद, एर्लिकिया, क्वचित ॲनाप्लाझ्मा. पण ते दीड महिना वाट बघत नाहीत. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांतच सणकून ताप, कपाळ फुटेल अशी डोकेदुखी, आणि रक्तात एक ठरलेलं चित्र: प्लेटलेट कमी, यकृताची एन्झाइम वाढलेली, आणि एर्लिकिया-ॲनाप्लाझ्मात पांढऱ्या पेशीही कमी. डेंग्यू किंवा 'व्हायरल' म्हणून हे सहज खपून जातं. इथे अहवालाची वाट बघायची नसते. शंका आली की डॉक्सीसायक्लिन सुरू करायचं, लहान मुलांतसुद्धा, कारण स्पॉटेड फीवरमध्ये पाचव्या दिवसानंतर सुरू केलेलं औषध बरेचदा उशिराचं ठरतं. पुरळ नाही म्हणून थांबू नका. पुरळ उशिरा येतं, काहींना येतच नाही, आणि सावळ्या त्वचेवर सहज दिसत नाही. लाइमच्या वाढत्या वर्तुळाचंही तसंच. पुस्तकातलं लाल चक्र गोऱ्या त्वचेवरचं असतं, गडद त्वचेवर ते मुका मार लागल्यासारखं निळसर-तपकिरी दिसू शकतं.

गोचीड कुठे चावली हे मी मुद्दाम आता विचारतो, खरं तर हा पहिला प्रश्न हवा होता. प्रत्येक आजाराचा मुलूख ठरलेला आहे. लाइम आणि बॅबेसिया हे मुख्यतः उत्तर अमेरिका आणि युरोपचे. कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात १९५७ मध्ये माकडं मरायला लागली आणि माणसांना ताप आला, तो माकडताप पश्चिम घाटातला. तो विषाणूचा आजार आहे, त्यावर प्रतिजैविक चालत नाही, आणि एकदा ताप उतरून एक-दोन आठवड्यांनी काहींना तो दुसऱ्या फेरीत डोकेदुखी, कंप आणि भ्रम घेऊन परत येतो. भारतात स्पॉटेड फीवरचा स्वतःचा प्रकारही आहे. ज्या भागात लाइम नाही तिथल्या चाव्यासाठी लाइमची चाचणी केली तर खोट्या पॉझिटिव्हचा फेरा मागे लागतो. म्हणून प्रवासाची नोंद डॉक्टरांना तारखांसकट द्या.

लाइमच्या चाचणीबद्दल दोनच गोष्टी. पहिल्या काही आठवड्यांत ती निगेटिव्ह आली तर तिला किंमत नाही, शरीराने प्रतिद्रव्यं अजून बनवलेलीच नसतात. उलट सहा आठवड्यांनंतर, मध्ये प्रतिजैविक घेतलेलं नसताना, ती निगेटिव्ह आली तर हृदय किंवा नसांचा लाइम बहुधा नाही. आणि महिना उलटल्यावर एकटं आयजीएम (संसर्गात आधी बनणारं प्रतिद्रव्य) पॉझिटिव्ह असेल तर त्यावर विसंबू नये. आयजीजी (नंतर बनणारं प्रतिद्रव्य) मात्र बरं झाल्यावरही वर्षानुवर्षं राहतं, त्यामुळे 'अजून पॉझिटिव्ह आहे म्हणजे जंतू अजून आहेत' हा हिशेब चुकीचा आहे.

उपचार सुरू झाल्यावर पहिल्याच दिवशी थंडी-ताप वाढून दम जास्त लागला तर घाबरून गोळी बंद करू नका, डॉक्टरांना फोन करा. मरणाऱ्या जंतूंमुळे शरीर असा उसळा घेऊ शकतं आणि तो साधारण दिवसभरात ओसरतो. ओसरला नाही तर कारण दुसरं आहे.

आता अवघड भाग. योग्य उपचार पूर्ण होऊनही काहींना महिनोन्महिने थकवा, अंगदुखी, विसरभोळेपणा आणि तो न भरणारा श्वास राहतो. हे खरं असतं, नाटक नसतं. पण त्यावर लांबलचक प्रतिजैविकं हा उपाय नाही. अमेरिकेत आणि नेदरलँड्समध्ये झालेल्या काटेकोर चाचण्यांत महिनोन्महिने दिलेल्या औषधांनी टिकाऊ फायदा दिसला नाही. शिरेतल्या नळीला संसर्ग, आतड्याचा जीवघेणा दाह मात्र झाला, आणि अशा उपचारांत काही रुग्ण दगावलेही आहेत. 'तुमच्या रक्तात लपलेला बॅबेसिया आहे, वर्षभर औषध घ्या' असं कुणी काच किंवा पीसीआर न दाखवता सांगत असेल तर तिथून उठा.

अशा रुग्णांत मला अनेकदा सापडतो तो स्वयंचलित मज्जासंस्थेचा बिघाड. दहा मिनिटं आडवं पडून नाडी मोजा, मग उभं राहून दहा मिनिटं मोजत राहा. रक्तदाब न पडता नाडी तिसाहून जास्त वाढून तिथेच राहिली तर धडधड, घेरी आणि हवेची भूक यांचं उत्तर तिथे आहे. पाणी, मीठ, पायांना घट्ट मोजे आणि आडव्या स्थितीतून हळूहळू वाढवलेला व्यायाम यांनी त्यात खरोखर फरक पडतो, अर्थात मीठ वाढवण्याआधी रक्तदाब आणि मूत्रपिंड बघून. आणि काहींमध्ये आजारपणाच्या धास्तीने श्वासाची लयच बिघडलेली असते. ते वरच्या छातीने भरभर श्वास घेत राहतात, बोटांना मुंग्या येतात. तुमच्या डॉक्टरांना हेच म्हणायचं असेल कदाचित. ते निदान अपमानाचं नाही, त्यावर श्वासाची फिजिओथेरपी चांगली चालते. माझं म्हणणं एवढंच की ते शेवटी करायचं, काच आणि ईसीजी बघून झाल्यावर.

तेव्हा तुमच्यासाठी क्रम असा: उद्याच ईसीजी, आणि त्यासोबत सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिनची साधी तपासणी), रक्ताची काच, बिलिरुबिन आणि एलडीएच (तांबड्या पेशी फुटत असतील तर हे दोन्ही वाढतात) आणि यकृताची एन्झाइम. काचेच्या मागणीवर 'गोचीड चावा, बॅबेसियासाठी बघावे' असं लिहून घ्या. चाव्याचा मुलूख लाइमचा असेल तर त्याची दोन टप्प्यांची चाचणी. ईसीजी ठीक आला आणि तक्रार राहिली तर होल्टर. एक्स-रेची फिल्म सोबत न्या आणि पडद्याबद्दल विचारा. रात्री जाग आली तेव्हाची वेळ, नाडी आणि त्या संध्याकाळचं जेवण आठवडाभर वहीत लिहा. ती गोचीड काढताना फोटो काढला असेल तर तोही दाखवा. आणि पुढच्या वेळी सापडली तर तेल, काडीपेटी, रॉकेल काही नको. बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेलगत पकडून सरळ वर ओढायची, आणि झाकणाच्या डबीत तारीख लिहून ठेवायची.